आतून हिरवा पत्रा

मित्रांनो, मी एक जुनी पिकअप गाडी होते. ‘आहे’ म्हणायची सवय अजून सुटत नाही, पण तुमच्याशी खोटं कशाला बोलू? वारंगा फाट्यापासून कोसभर आत, नेमसिंगच्या तांड्यावर, कडूलिंबाखाली माझा सांगाडा उभा आहे. चाकांच्या जागी चार दगड, एक स्टेअरिंग आणि ड्रायव्हरची मोडकी सीट, एवढंच काय ते उरलं आहे. बाकीचं कुठं गेलं, ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. मधेच माझा आवाज चढला तर सांभाळून घ्या. माझा हॉर्न पहिल्यापासून जरा कर्कशच.

माझा जन्म पेट्यांतून झाला. समुद्रापलीकडून लाकडी पेट्या मुंबईच्या गोदीत उतरल्या. एकीत इंजिन, एकीत मडगार्डं, एकीत दारं. कामगारांनी कागद बघून बघून एकेक बोल्ट आवळला आणि मला उभं केलं. मग माझ्यावर हिरवा रंग चढला. तसा दाट हिरवा मी पुन्हा कुठल्याच गाडीवर पाहिला नाही, आणि हे मी बढाई म्हणून सांगत नाही. पुढं मी निजामाच्या मुलखात एका ठेकेदाराकडे गेले, त्याच्याकडून दुसऱ्याकडे. सन साठ साली तिसऱ्या हाताने नेमसिंगच्या दारात आले.

नेमसिंगचे आजोबा बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून गावोगाव फिरायचे. शेकडो बैलांचा तांडा, आणि सगळ्यांच्या पुढं एक बैल. त्याच्या पाठीवर ओझं नसायचं. त्याला कवड्यांची झूल असायची, गळ्यात खणखणणारी घाटी असायची. तो म्हातारा झाला तरी त्याला विकत नसत. दारातच त्याला वैरण मिळायची आणि दारातच तो डोळे मिटायचा. हे सगळं मला नेमसिंगनेच सांगितलं. गाडी चालवताना तो माझ्याशी बोलायचा. सुरुवातीला मला वाटलं, याचं डोकं फिरलं आहे की काय! नंतर मलाच त्या बोलण्याची सवय लागली.

मी आले त्या दिवशी त्याच्या बायकोने, जिवनबाईने, कवड्या आणि आरसे टाकून शिवलेला एक पट्टा माझ्या बॉनेटवर बांधला. नेमसिंगने बॉनेटवर हात ठेवला आणि सगळ्या तांड्यासमोर म्हणाला, “आजपासून तू आमचा पुढचा बैल. पुढचा बैल आमी इकत न्हाई. मरंस्तवर दारात उभा ऱ्हातो.”

मित्रांनो, हा शब्द नीट ध्यानात ठेवा. मी तर तो सतरा वर्षं उराशी धरला.

त्या शब्दासाठी मी काय नाही केलं! सिद्धेश्वरच्या धरणावरून मासळीच्या पाट्या वाहिल्या. दोन दोन दिवस अंगाचा वास जायचा नाही, कोंबड्यासुद्धा लांबून जायच्या. लग्नाची वऱ्हाडं नेली. बाळंतिणीला घेऊन हिंगोलीच्या दवाखान्यात वेळेत पोचले, एकदा नाही, चारदा. बहात्तरच्या दुष्काळात तर मी दिवसातून तीन खेपा पाण्याची पिंपं आणायचे. मी दिसले की बायका घागरी घेऊन धावायच्या. एक म्हातारी आधी माझ्या मडगार्डला हात लावून तो कपाळाला लावायची आणि मगच पाणी भरायची. माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

चौऱ्याहत्तर साली पुसेगावच्या रस्त्यावर माझ्या इंजिनला तडा गेला. तो भाग कुठंच मिळेना. शेवटी दोन बैल जुंपून मला घरी आणलं. तेव्हा लाज वाटली खरी, पण नेमसिंगने मला कडूलिंबाच्या सावलीत उभं केलं आणि म्हणाला, “बस आता निवांत.” जिवनबाई माझ्या टपावर मिरच्या वाळत घालायची. सीटखाली कोंबडी अंडी घालायची. आणि दर दसऱ्याला, चालत नसले तरी, मला धुऊन पुसून झेंडूची माळ घालायचे. मला तेवढं पुरे होतं.

मग सत्याहत्तरच्या उन्हाळ्यात किशनराव आला.

किशनरावचा हिंगोलीत पत्र्याच्या पेट्यांचा आणि बादल्यांचा कारखाना. हैदराबादेत कुणाकडे तरी त्याने एक परदेशी डबा पाहिला होता. डब्यात गाडीचे बारके बारके भाग, ते लेकरांनी घरी बसून जोडायचे आणि आपली गाडी आपणच तयार करायची. तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच खूळ शिरलं होतं. आपल्या भागातल्या जुन्या पिकअप गाड्यांचे असे डबे काढायचे आणि दसऱ्याला हिंगोलीच्या प्रदर्शनात मांडायचे.

“पहिली हीच,” तो माझ्याभोवती टेप घेऊन फिरत म्हणाला. “पुढच्या साली नांदेडची एक हाय, परभनीची एक हाय. पन मान पहिला हिचा, नेमसिंगभाऊ.”

“हुबेहूब व्हईन का पर?” नेमसिंगने विचारलं.

“बराबर हीच. मागच्या फाळक्यावरचा पोचासुद्धा सोडनार न्हाई.”

काय सांगू तुम्हाला! मी स्वतः पेट्यांतून आलेली. आता माझीच बारकी रूपं पेट्यांतून घरोघर जाणार, माझ्यासारखीच बोल्ट बोल्ट जोडली जाणार. माझ्या दाराची, काचेची, हौद्याची मापं घेतली तेव्हा मी श्वास रोखून उभी होते. जिवनबाई मिरच्या गोळा करता करता हसून म्हणाली, “घ्या, म्हातारपनी हिला लेकरं व्हनार!”

तेव्हापासून मी दसऱ्याची वाट पाहायला लागले. फाट्याकडून कुणी आलं की कान टवकारायचे. कागदावर चित्र झालं, अशी बातमी आली. लाकडी चाकं कातून झाली, अशी बातमी आली. तांड्यावरची पोरं माझ्या टपावर बसून भांडायची, पहिला डबा कुणाचा म्हणून. नेमसिंग तर रोज संध्याकाळी माझ्याजवळ यायचा. “साठ डबे काढून राहिला किशनराव. साठ घरात जाशीन तू,” असं म्हणायचा आणि स्वतःच खूश व्हायचा.

पोळा झाला आणि किशनराव पुन्हा आला. तोंड उतरलेलं. सरकारी कोट्यातला पत्रा चार महिने आलाच नव्हता. सगळं तयार, चाकं तयार, खोकी तयार, आणि पत्राच नाही.

बोलता बोलता तो माझ्याजवळ आला आणि माझ्या दारावर बोटाने टकटक केलं. “ह्यो आवाज ऐका, भाऊ. असा पत्रा आता मिळून न्हाई राहिला.”

पण नेमसिंगवर माझा भरवसा होता. त्याने बिडी पेटवली. दोन झुरके घेतले. मग म्हणाला, “पुढचा बैल हाय त्यो. आमच्यात इकत न्हाई.”

शाबास माझ्या राजा, मी मनात म्हटलं.

“इकू नका ना,” किशनराव म्हणाला. “कोन म्हनतं इका? एक पैसा घेऊ नका. तशीच द्या.”

नेमसिंगने बिडीचं थोटूक पायाखाली चिरडलं. मग हळूच म्हणाला, “तसं देलं तर शब्द मोडत न्हाई.”

मित्रांनो, पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारागीर आले. दुखलं का, असं विचाराल. छिन्नीने नाही दुखलं. पण कोणता बोल्ट गंजला आहे, कोणत्या बोल्टला आधी तेल सोडायचं, हे फक्त नेमसिंगला ठाऊक होतं. त्यामुळे पाना त्याच्याच हातात होता. सतरा वर्षं ज्या हाताने मला पुसलं, त्याच हाताने मला उकललं. सगळा वेळ तो एक शब्द बोलला नाही. माझ्याशी बोलल्याशिवाय ज्याचा दिवस जात नव्हता, त्याला त्या दिवशी माझ्याकडे बघवेना.

जिवनबाई रानात मूग तोडायला गेली होती. ती परत आली तेव्हा माझं बॉनेट बैलगाडीत चढलं होतं आणि कवड्यांचा पट्टा मातीत पडला होता.

“काय करून राहिले तुमी?” ती ओरडली. “बैल कापायला देला!”

“इकला कुठं?” नेमसिंग म्हणाला. “एक पैसा घेतला न्हाई मी. उलट साठ घरात ऱ्हाईन आता ती.”

“तिला इचारलं का?”

नेमसिंग पुढच्या बोल्टला तेल सोडू लागला. जिवनबाईने पट्टा उचलला, झटकला आणि घरात नेला. त्या रात्री त्या घरात चूल पेटली नाही, एवढंच मला माहीत आहे.

आणि आता हसू येईल असं सांगते. इतकं सगळं होऊनही मी दसऱ्याची वाट पाहायचं सोडलं नाही! निदान माझी बारकी रूपं तरी पाहू, असं वाटायचं. मन मोठं वेडं असतं.

दसऱ्याच्या दिवशी दुपारी नेमसिंग हिंगोलीहून एक डबा घेऊन आला. माझ्याच मोडक्या सीटवर बसून त्याने तो उघडला. लाकडी चाकं, मूठभर बोल्ट, घडी केलेला कागद आणि पत्र्याचे तुकडे. तुकडे लाल होते. भडक लाल! लेकरांना लाल आवडतो म्हणे. फाळक्यावर पोचा नव्हता. माझी बाहेरची बाजू आत वळवून लाल रंग फक्त वरून मारला होता, आतून कोण बघतं?

नेमसिंगने एकेक भाग जोडला. शेवटी बॉनेट उरलं. त्याने ते बोटांत धरून उलटं केलं. आतून ते हिरवं होतं, दाट हिरवं. आणि त्या हिरव्यावर ओळीने बारीक गोल डाग होते. सतरा वर्षं तिथं कवड्या टेकल्या होत्या, त्यांच्या त्या खुणा.

त्याने त्या पाहिल्या. अंगठा एकदा त्यांच्यावरून फिरवला. मग घाईने लाल बाजू वर केली आणि बोल्ट आवळून टाकला.

लाल गाडी त्याने ओट्यावर ठेवली. झेंडूची माळ तिलाच घातली. मग हाक मारली, “जिवन, ये, पूजा कर.”

जिवनबाई ताट घेऊन बाहेर आली. तिने त्या खेळण्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. “आन् हिला कोनता शब्द देता आता?”

जिवनबाई ताट घेऊन तशीच परत गेली. त्या वर्षी पहिल्यांदा माझ्या अंगावर झेंडूचं एक फूलसुद्धा पडलं नाही.

नेमसिंग वाईट नाही, मित्रांनो. वाईट माणसाने केलं असतं तर मी विसरले असते. त्याने शब्द मोडला नाही, त्याला पळवाट शोधली. ज्याच्यावर जीव टाकला त्यानेच केसाने गळा कापला, तर ते विसरता येत नाही.

ते साठ डबे सगळे संपले. कुणाकडे गेले, मला ठाऊक नाही. तुमच्या घरी तसली लाल पिकअप असली, तर एकदा तिचं बॉनेट उलटून पाहा. आतून हिरवं दिसलं तर ती मी आहे. मला पावसात ठेवू नका, अधूनमधून थेंबभर तेल द्या. आणि जपणार असाल तर नुसतंच जपा. मला कसलाही शब्द मात्र देऊ नका.