ओढ्यात पुरलेला जांभळा दगड

मित्रांनो, मी एक जुना जांभळ्या स्फटिकांचा दगड आहे. जन्म ब्राझीलचा, मुक्काम अमेरिकेत, केंटकीतल्या एका घराच्या लाकडी पोर्चखाली, कोंबड्यांच्या घाणीत.

लाव्हा थंड होताना राहिलेल्या पोकळीत मी वाढलो, म्हणून माझ्या पाठीला काळा खडक चिकटलेला आहे. या काउंटीत, म्हणजे इथल्या जिल्ह्यात, मात्र जिकडे तिकडे पांढरट चुनखडी. हातोहात विकला जात मी इथल्या दगड जमवणाऱ्यांच्या मंडळाचा म्होरक्या व्हर्जिल स्ट्राउड याच्या पेटीत आलो.

मंडळात ऑर्फा टॅकेट नावाची सत्तरीची बाई होती. तिचा नवरा लोवेल मरेपर्यंत म्हणत राहिला, "आपल्या ओढ्यात जांभळे स्फटिक आहेत." सगळे त्याला हसले. तो गेल्यावर ऑर्फा दर शनिवारी ओढ्याचा काठ खणू लागली. त्याचं म्हणणं खरं होतं, एवढंच तिला दाखवायचं होतं.

एका शुक्रवारी व्हर्जिलने मला त्याच चिखलात पुरलं. "बघू या, म्हातारी किती नाचते!" तो सोबत्याला म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या कुदळीला लागलो. ती चिखलातच बसली आणि मला ओंजळीत धरून रडली. इतकं कौतुक माझं कधीच झालं नव्हतं. नवख्यांना ही बाई नेहमी बजावायची, "आधी दगडाची पाठ बघा. तोंड काय, सगळेच दाखवतात." त्या दिवशी तिने माझी पाठ पाहिली नाही. मखमलीवर ठेवून चिठ्ठी लिहिली : 'टॅकेटचा ओढा. शोध लोवेलचा.'

काउंटीच्या जत्रेत मंडळाच्या टेबलाभोवती गर्दी जमली.

"मिस ऑर्फा, जरा उलटा करा की त्याला," व्हर्जिल गोड आवाजात म्हणाला.

तिने मला उलटं केलं. काळ्या खडकावर तिचा अंगठा थांबला.

"तुमच्या ओढ्यात ज्वालामुखी कधी फुटला हो?" व्हर्जिलने विचारलं.

"लोवेलला विचारा, त्याला सगळं ठाऊक असायचं!" मागून कुणीतरी ओरडलं. लोक पोट धरून हसले.

ऑर्फाने चिठ्ठी खिशात घातली आणि मला पिशवीत टाकलं. घरी येऊन मला पायाने पोर्चखाली ढकललं. त्यानंतर तिने कुदळ उचलली नाही.

मला पुरलं होतं तिथून हातभर खाली, चुनखडीच्या फटीत, फ्लोराइट नावाचा जांभळा स्फटिक आहे. लोवेल म्हणत होता तोच. मी त्याच्याच डोक्यावर पडून होतो.

मित्रांनो, दगड खुशाल जमवा, पण जिथला असेल तिथलाच लिहा. आणि कुणी जीव लावून शोधत असेल, तर त्याच्या वाटेत आम्हाला पुरू नका. आम्हाला ओरडून सांगता येत नाही.