नुसत्या तोंडाकडं बघणाऱ्या मॅडम

आमच्या गावच्या आरोग्य उपकेंद्रात प्रियदर्शनी मॅडम डॉक्टर म्हणून रुजू झाल्या तेव्हा त्या मला मुळीच आवडल्या नव्हत्या. आयुष्यभर अंगणवाडी चालवून मी नुकतीच घरी बसले होते, आणि घरी बसलेल्या बाईला गावातलं काहीच पटत नाही, तसं असेल. पण गावालाही त्या कुठं पटल्या होत्या? पेशंट समोर बसला की ह्या आधी त्याच्या तोंडाकडं बघत राहायच्या. मग घरचं विचारायचं, जेवणाचं विचारायचं, झोपेचं विचारायचं, आणि शेवटी दोन गोळ्या हातावर. सलाईन लावल्याशिवाय आजार जातो यावर आमच्या गावाचा विश्वास नाही. "नुसती तोंडाकडं बघती, दवा कवा देती?" असं पारावर चालायचं, आणि ते ऐकून मीही हसायचे.

मला हसायला काय जात होतं म्हणा! आमचं घर बागायतदाराचं, मुलगा नोकरीला. आमचे डॉक्टर अंबाजोगाईला. 'आमचे' म्हणजे अगदी आमचेच. माझ्या सासूबाईंपासून नातवापर्यंत सगळ्यांना त्यांनी तपासलेलं. फोनवर मी नुसती खोकले तरी "गीताबाई, पुन्हा रात्रीचं दही खाल्लंत ना?" म्हणून रागावतात. आजारी पडल्यावर कुणाकडं जायचं, हा प्रश्न आमच्या घरात कधी कुणाला पडला नाही.

तो पडायचा आमच्या समोरच्या घराला. दगडाबाईचा मुलगा बाळू आणि सून राजश्री दसरा झाला की ऊसतोडीला जातात, ते पाडव्याच्या सुमाराला परततात. अर्धं गाव असंच जातं. एका फडातला ऊस संपला की टोळी पुढं सरकते, गाव बदलतं, आणि गाव बदललं की डॉक्टर बदलतो. प्रत्येकासमोर नव्यानं नाव सांगा, वय सांगा, कुठं दुखतंय ते सांगा. तो एक सुई टोचतो आणि विसरतो. त्यानं लक्षात ठेवलं तरी उपयोग काय, पुढच्या खेपेला ही माणसं तिथं नसतातच.

गेल्या दसऱ्याला राजश्रीला चौथा महिना होता. पहिलटकरीण, अंगानं बारीक, गालफडं बसलेली. मॅडम तिला म्हणाल्या, यंदा जाऊ नकोस. पण तोडीला नवरा-बायकोची जोडीच लागते, एकट्या बाळूला कोण नेणार? मग निघायच्या आधी मॅडमनी तिला दोन-तीनदा बोलावून घेतलं, बीपी बघितलं, आणि आपल्या पद्धतीनं तोंडाकडं बघत बसल्या. राजश्री बाहेर आली ती पदर तोंडाला लावून. म्हणाली, "बाई, मला लई लाज वाटली. येवढं तर नवऱ्यानं बी कवा बघितलं न्हाई."

संक्रांत होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. दगडाबाईला बीपी दाखवायला उपकेंद्रात जायचं होतं. तिच्याकडं बटणांचा फोन, त्यामुळं बाळूचा व्हिडिओ कॉल माझ्याच फोनवर येतो, म्हणून तिनं मलाही ओढत नेलं. आणि खरंच, आम्ही तिथं बसलेल्या असतानाच कॉल आला. कोपीसमोर, म्हणजे त्यांच्या पाचटाच्या झोपडीसमोर, राजश्री बसलेली, मागं उसाच्या मोळ्या.

"आगं बया, किती भरलीस गं!" दगडाबाईला कोण आनंद झाला. "म्हायेराहून आलीस तवा बी आसं आंग न्हवतं."

"लेकरू मानवलं गं तुला," मीही म्हणाले. आणि मला खरंच बरं वाटलं होतं. तिचे गाल पहिल्यांदाच भरलेले दिसत होते.

बाळू मागून हसला. "रस पिती रोज, फुगंल न्हाई तर काय! परवाच हितल्या डाक्टरला दावली. सगळं नारमल हाय म्हनले."

मॅडम दगडाबाईच्या दंडावरचा पट्टा सोडवत होत्या. "राजश्री का?" म्हणत सहज वाकल्या आणि तशाच थांबल्या. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"राजश्री, उजेडाकडं तोंड कर."

तिनं केलं.

"हे तुझं तोंड नाही," मॅडम म्हणाल्या.

आम्हाला काही कळेना. दगडाबाई माझ्याकडं बघते, मी तिच्याकडं.

"हातातली बांगडी काढून दाखव बरं."

राजश्रीनं ओढून बघितली. बांगडी हलेना. "संक्रांतीला भरल्या तवा सैल व्हत्या, मॅडम."

"डोकं दुखतंय?"

"दोन दिस झालं. पाचटाच्या धुळीनं आसंल."

"बाळू, तिच्या नडगीवर अंगठा दाब. जोरात दाब. आता काढ, आणि फोन जवळ ने."

अंगठा काढला तरी तिथं खळगा तसाच राहिला. तो मलाही दिसला.

"बीपी किती सांगितलं होतं?"

"येकशे तीस. चांगलं हाय म्हनले."

"दुसऱ्या कुणाचं असतं तर चांगलंच. हिचं इथं नव्वद-पंच्याण्णवच्या पुढं कधी गेलेलं नाही. बाळू, नीट ऐक. ती जाड झालेली नाही, तिला सूज आली आहे. तिला आत्ताच्या आत्ता मोठ्या सरकारी दवाखान्यात ने. उद्या नाही, आत्ता."

बाळूचं तोंड उतरलं. "मॅडम, गाडी भरायची हाय आजून. मुकादम सोडायचा न्हाई."

इथं मात्र माझं डोकं फिरलं. त्यांचा मुकादम उत्तरेश्वर आमच्याच गावचा. मी फोन हिसकावून घेतला. "उत्तऱ्याला बोलव!"

तो आला, आणि टोळी कशी खोळंबेल ते सांगू लागला. मी त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. "उत्तऱ्या, तुला अंगणवाडीत आनला तवा चड्डीची नाडी बांधता येत न्हवती. ती मी बांधलीय. गपगुमान जीप काढ, न्हाईतर तुज्या आईला घेऊन तिथंच येते."

"काढतो बाई, काढतो," तो म्हणाला. खरं सांगायचं तर त्यानं नुसती जीप काढली नाही, स्वतः चालवत नेली, आणि रात्रभर दवाखान्याबाहेर बसला. त्याला मी आता उत्तरेश्वरराव म्हणते.

इकडं मॅडमनी फोनाफोनी करून त्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना गाठलं, राजश्रीचं नेहमीचं बीपी किती, अंग कसं, सगळं सांगितलं. दगडाबाई उपकेंद्राच्या बाकावरून उठायला तयार नव्हती. मग मीही बसले.

दिवस मावळताना बाळूचा फोन आला. पोचेपर्यंत बीपी एकशे सत्तरवर गेलं होतं. उपचार लगेच सुरू झाले, आणि दुसऱ्या दिवशी सिझर करून मुलगी झाली. दिवस पुरे भरले नव्हते, म्हणून तिला काचेच्या पेटीत ठेवलं. तिथले डॉक्टर म्हणाले, फडातच राहिली असती तर आकडी आली असती, आणि मग दोघींचंही सांगता आलं नसतं.

दगडाबाईनं मॅडमचे दोन्ही हात धरले. "सासू आसून मी न्हाई वळखलं," ती म्हणाली, "तुमी वळखलं." आणि रडायला लागली.

सगळं 'नारमल' सांगणाऱ्या त्या फडाजवळच्या डॉक्टरला मी दोष देत नाही. त्यानं गोल तोंडाची एक बाई बघितली. तिचं तोंड गोल नसतं, हे त्याला कुणी सांगायचं? बाळू तर रोजच बघत होता, त्याला फरक जाणवला नाही. आपल्याला ओळखणारा डॉक्टर असणं म्हणजे काय, हे मला त्या बाकावर बसून कळलं. आमचे डॉक्टर मला खोकल्यावरून ओळखतात याचं मला कधी अप्रूप वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी त्यांना उगाचच फोन केला आणि आभार मानले. ते घाबरले, म्हणाले, "गीताबाई, बरं आहे ना?"

पाडव्याच्या आधी टोळी परतली. ट्रक वेशीत थांबला आणि राजश्री घरी न जाता लेकराला घेऊन सरळ उपकेंद्रात गेली. मागं दगडाबाई, बाळू, आणि अर्थातच मी. राजश्रीची गालफडं पुन्हा बसली होती. ती बघून मला इतका आनंद होईल असं कधी वाटलं नव्हतं.

तिनं मुलगी मॅडमच्या मांडीवर ठेवली. "वजन करा, सुई टोचा, काय करायचं ते करा मॅडम. तुमचीच हाय."

मॅडमनी काहीच केलं नाही. नुसत्या तिच्या तोंडाकडं बघत राहिल्या. बराच वेळ झाला तसा बाळू घाबरला.

"काय झालं मॅडम? बरी हाय न्हवं?"

"छान आहे," त्या म्हणाल्या. "दसऱ्याला पुन्हा घेऊन जाल ना तिला? म्हणून तोंड बघून ठेवते."

दगडाबाई पुढं झाली आणि नातीच्या कपाळावर उतरलेलं टोपरं तिनं मागं सारलं, मॅडमना नीट दिसावं म्हणून.