सुनेमुळे बिघडणारी सीडी

बन्सीच्या फोटो स्टुडिओसमोर सकाळपासून ही गर्दी उसळली होती. सन एकोणीसशे नव्व्याण्णव. श्रीरामपुरात सीडीवर फोटो उतरवणाऱ्या सीडी रायटरची अजून नवलाई होती. पण लोक यंत्र पाहायला आले नव्हते. अपघातात गेलेल्या भीमराजचे एकट्याचे फोटो सीडीवर सुखरूप उतरतात आणि बायकोसोबतचे घातले की सीडी बिघडते, हा चमत्कार त्यांना पाहायचा होता.

"यंत्राला कुनी हात लावायचा न्हाई! आत्मा बिथरंल!" यंत्राशेजारी बसलेल्या मोरपीसबाबांनी दम भरला.

लग्नाचे दीडशे फोटो सीडीवर चढत होते. दहा मिनिटं झाली आणि पडद्यावर निळं पाणी पसरलं. त्यात रंगीत मासे पोहू लागले.

"आला! पितर पान्यात उतरला! बायकूचं तोंड बघवंना त्याला. ही घरात हाय तवर त्याला गती न्हाई!" बाबा गरजले.

बन्सीने माउस हलवला. मासे गेले आणि सीडी बिघडल्याची लाल अक्षरांची ओळ उमटली. ही पाचवी सीडी वाया गेली होती. गर्दीने हात जोडले. भीमराजची आई कडूबाई पदरात तोंड खुपसून रडू लागली. कोपऱ्यात उभी असलेली तिची सून ज्ञानेश्वरी मात्र रडली नाही. उद्या सकाळी तिला तिच्या लहान मुलीसह माहेरी धाडायचं, असं घरात ठरलं होतं.

बन्सीला तिच्याकडे बघवेना. पहिल्या दोन सीड्या बिघडल्या तेव्हा कारण त्याला स्वतःलाच कळलं नव्हतं. यंत्र नवीन, पुण्याहून तीन महिन्यांपूर्वी आणलेलं. अडाणी दिसू नये म्हणून तो कडूबाईंना हसत म्हणाला होता, "भीमाला वहिनीसंगं यायचं न्हाई वाटतं." त्या माउलीने तेच धरलं आणि बाबाला गाठलं. तेव्हापासून बन्सीची झोप उडाली होती; पण गर्दीने धंदा वाढला होता आणि तोंड उघडत नव्हतं.

"जिना मोकळा करा, मुलांना वर यायचंय," असं म्हणत वरच्या संगणक वर्गाच्या शिक्षिका यशोधराबाई गर्दीतून आत आल्या. प्रकार ऐकून त्या बाबांकडे वळल्या. "महाराज, आता मी सांगते ते फोटो घालू का?"

"घाला की! सत्याला भ्या कशाचं?"

"बन्सीभाऊ, फक्त ज्ञानेश्वरीताईंचे वीस फोटो घ्या. हात नका लावू."

चार मिनिटांत सीडी तयार झाली. बन्सीने ती उघडून दाखवली. नवरीच्या वेशातली ज्ञानेश्वरी पडद्यावर स्वच्छ दिसत होती. गर्दीत कुजबुज सुरू झाली.

"आता भीमराजचे एकट्याचे. तेच तेच पुन्हा घ्या, पण दीडशे भरू द्या."

दहा मिनिटांनी मासे आले. मागोमाग लाल ओळही आली.

"आता तर सून न्हवती यात!" कुणीतरी ओरडलं.

"नव्हतीच," यशोधराबाई म्हणाल्या. "दहा मिनिटं कुणी हात लावला नाही की हे मासे आपोआप येतात. संगणक जुना, तो मासे नाचवायला लागला की फोटोंची धार मध्येच तुटते. सीडीवर एकदा धार तुटली की सगळी सीडी वाया. भीमराजचे एकट्याचे फोटो थोडेच; ते दहा मिनिटांच्या आत उरकतात, म्हणून जातात."

बाबा मोरपीस झाडत उठले. "यंत्राचं यंत्र जाने. आमी आत्म्याचं बोलतो."

"थांबा महाराज." बन्सी आडवा आला. "मंगळवारी तुमी हितं बसला हुता. मासे कधी येत्यात, म्हणून मला इचारलं हुतं. हात लावला न्हाई तर दहा मिनिटांनी, असं मीच सांगितलं हुतं. म्हनून हात लावू देत न्हाई व्हय तुमी?"

मग तो कडूबाईंकडे वळला. "मावशी, पहिलं खोटं माझं. मला बिघाड समजला न्हाई, ते झाकायला मी भीमाचं नाव घेतलं."

बाबा कधी सटकले ते कुणी पाहिलं नाही. यशोधराबाईंनी मासे बंद केले आणि लग्नाचे फोटो पुन्हा घातले. पंचवीस मिनिटांनी दीडशेच्या दीडशे फोटो सीडीवर होते. कडूबाईंनी पडद्यावरच्या मुलाला स्पर्श केला आणि सुनेला म्हणाल्या, "चल पोरी, घरी चल. तुझा काय बी दोष न्हाई."

ज्ञानेश्वरी जागची हलली नाही.

"आत्याबाई, बाईंना कारण सापडलं म्हनून मी सुटले. न्हाई सापडलं तर? कारण कळंना म्हनून दोष मानसाच्या गळ्यात बांधायचा व्हय?"