आईचं दार

लेस जिवंत असता तर ते पिल्लू घराच्या पायरीपर्यंतसुद्धा पोचलं नसतं. फाटकातच त्याने त्याची मानगूट धरली असती आणि पुढचं सांगायलाच नको. पण नोरीनचा नवरा लेस मागच्या हिवाळ्यात गेला. उन्हाळा सरता सरता नोरीन तालुक्याच्या गावी गेली आणि सोडून दिलेली जनावरं सांभाळणाऱ्या आश्रमातून बुटाच्या खोक्यात एक सशाचं पिल्लू घेऊन आली. करड्या रंगाचं, मुठीत मावेल एवढं. नाव ठेवलं बटन.

"अहो, फारच लहान आहे ते," आश्रमातली पोरगी म्हणाली होती. "आईपासून लवकर तुटलंय. जगेल की नाही सांगता येत नाही."

"मी तरी कुठं सांगून बसलेय जगेन म्हणून?" नोरीन म्हणाली. "द्या इकडे."

आता विमेरा नावाच्या त्या सपाट गव्हाच्या मुलखात सशाला कुणी ससा म्हणत नाही, पिकावरची कीड म्हणतात. आणि नोरीन कुणाची बायको? लेसची. अर्ध्या तालुक्यातली सशांची बिळं लेसने ट्रॅक्टरला लावलेल्या पोलादी दातांनी उभी-आडवी फाडली होती. त्याच्या मागून फावडं घेऊन चालायची ती नोरीन. कुठं बिळाचं तोंड उघडं राहिलेलं दिसलं, की दगड घालायचा, माती लोटायची आणि टाचेने तुडवायची. "एक भोक राहिलं की पुढच्या वर्षी गाव वसतं," असं लेस म्हणायचा. उभी हयात तिने हेच केलं. लेसचा माज तरी केवढा! सगळ्यात मोठी वसाहत जिथे फाडली, त्याच उंचवट्यावर त्याने लाकडी घर बांधलं. "त्यांच्या महालावर माझा महाल," म्हणत पाहुण्यांना बिअर पाजायचा.

अशा घरात बटन आलं. नोरीनला ते हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं. लेस गेल्यापासून घरात तिच्या चपलांशिवाय कशाचा आवाज नव्हता. रेडिओ लावला तरी तो दुसऱ्यांशीच बोलतोय असं वाटायचं. बटनचं खोकं तिने मागच्या धुण्याच्या खोलीत ठेवलं, खाली सुकं गवत पसरलं आणि त्या इवल्या कानांकडे बघत तिथेच स्टुलावर चहा प्यायली.

सुख किती टिकावं? दुसऱ्याच सकाळी पिल्लाचं शेपूट घाणीने बरबटलेलं. पाण्यासारखं पातळ, आंबूस वासाचं. नोरीनने कोमट पाण्याने पुसलं, कपडा बदलला. मग ते पातळही थांबलं आणि काहीच होईना. ना लेंडी, ना मूत. पोट फुगून टणक झालं. गवताला तोंड लावेना. दात करकर वाजवत कोपऱ्यात बसून राहिलं.

तिने जनावरांच्या दवाखान्यात फोन लावला. तिथली हेदर नावाची नर्स तिच्या ओळखीची होती.

"कोथिंबीर, लेट्यूस, असलं हिरवं काही घातलंस का?" हेदरने विचारलं.

"थोडं लेट्यूस घातलं. लाडाने गं."

"लाड कर तू! अगं, त्याच्या पोटात अजून काही पचवायची ताकदच नाही. पिल्लं आईच्या लेंड्या खातात, मऊ असतात त्या. त्यातून त्यांच्या पोटात पचनाचे जंतू जातात. तुझं आधीच तुटलंय आईपासून. ऊब दे, पोट हलकं चोळ, बिनसुईच्या सिरिंजने पाणी पाज. पण खरं औषध म्हणशील तर आईच. तुझ्याकडे दुसरा ससा नाही ना?"

"लेसच्या घरात?" नोरीन हसली. पण तिचं तिलाच ते हसू बरं वाटलं नाही.

त्याच संध्याकाळी खोक्याबाहेर, जमिनीच्या लाकडी फळीवर तिला काहीतरी चमकताना दिसलं. काळ्या द्राक्षांच्या छोट्या घोसासारखं, ओलसर, उग्र वासाचं. तिला वाटलं, बटनचंच असणार, बिचाऱ्याचं एकदाचं पोट मोकळं झालं. तिने ते पुसून घेतलं, वर फिनेल ओतून फळी घासली. फळी घासताना मात्र विचार आला, एवढंसं पिल्लू आणि एवढ्या मोठ्या लेंड्या? आणि खोक्याची भिंत तर त्याला चढताच येत नव्हती.

सकाळी उठून ती खोलीत आली तेव्हा घोस खोक्याच्या आत होता. बटन त्यावर तोंड खुपसून चपचप खात होतं. "शी!" म्हणून तिने हात पुढे केला आणि हेदरचं बोलणं आठवून तसाच मागे घेतला. दुपारपर्यंत पिल्लाने गवताची काडी ओढली. संध्याकाळी कोपऱ्यात मोहरीएवढ्या चार लेंड्या पडल्या. गोल, कोरड्या, ठणठणीत. नोरीनने त्या तळहातावर घेतल्या आणि एकटीच हसली. म्हातारपणी माणूस कशावर हरखेल काही नेम नाही.

पण आल्या कुठून त्या मोठ्या? खिडकी बंद, दार बंद. तिने खोलीतलं सगळं सामान हलवून पाहिलं. काही नाही.

दुसऱ्या दिवशी कपडे वाळत घालायला ती मागच्या दाराने बाहेर पडली. पायरीच्या खाली ताजी माती उकरलेली दिसली. लालसर, ओली माती. आणि पायरीच्या सावलीत एक भोक.

आता इथे नोरीनने विचार करायला हवा होता. पण हात थोडेच विचार करतात? जन्मभराची सवय. डाव्या हाताने दगड उचलला, उजव्या पायाने माती लोटली, टाचेने तीनदा तुडवलं. झालं सुद्धा. मग ती कपडे वाळत घालायला गेली. एक चादर दोरीवर टाकली तेव्हा कुठे तिच्या मनात आलं, की आपण काय बुजवलं?

"असू दे," ती स्वतःशी म्हणाली. "उंदीर असेल."

त्या संध्याकाळी घोस आला नाही. सकाळीही नाही. आणि दुपारी, भर उन्हात, पत्रे तडतडत असताना फळ्यांखालून आवाज आला. धप्प. थोडं थांबून पुन्हा, धप्प. ससा भ्यायला की मागचा पाय जमिनीवर असा आपटतो. नोरीनने तो आवाज शेतात हजारदा ऐकला होता, पण पायाखालून कधी नव्हता. आवाज खोक्याच्या बरोबर खालून येत होता. बटन पडल्या पडल्या कान टवकारून फळीकडे बघत होतं. त्याचं अंग गार पडत चाललं होतं, पोट पुन्हा दगडासारखं झालं होतं. नोरीनने त्याला ब्लाउजच्या आत छातीशी धरलं.

"नको रे जाऊस," ती म्हणाली. "एवढ्यात नको."

धप्प.

मग तिला ती मादी आठवली. घर बांधायच्या आधीचा वसंत ऋतू होता. मादी पिल्लांसाठी वेगळं, उथळ बीळ करते, आपल्या पोटावरची लव उपटून त्यात अंथरते. रोज एकदाच येते, दूध पाजते आणि जाताना तोंड मातीने बंद करून पंजांनी हलकेच थापटते. बिळं फाडणारे त्याला 'आईचं दार' म्हणत. अशी थापटलेली माती दिसली की लेस आधी तिथेच ट्रॅक्टर घाली. त्या दिवशी त्याने तेच केलं आणि मागून नोरीनने तुडवलं. मादी पळाली नव्हती. गव्हाच्या खुंटांमध्ये बसून बघत राहिली होती. संध्याकाळी ती तिथे आली आणि तुडवलेली माती उकरत बसली. लेस म्हणाला, "बघ, किती मूर्ख असतात." त्या जागेवर आता धुण्याची खोली होती.

नोरीनच्या अंगावर काटा आला. पण बटनचा श्वास मंद होत होता आणि घाबरत बसायला सवड नव्हती. तिने शेडमधून लेसचं फावडं काढलं. ज्या फावड्याने इतकी बिळं बुजवली, त्याने आज एक उघडायला घेतलं. दगड काढला, माती उपसली, गुडघ्यावर बसून हात आत घातला. कोपरापर्यंत गेला आणि संपलं. पुढे टणक चिकणमाती, लेसच्या ट्रॅक्टरने दाबून टाकलेली. ना बोगदा, ना वाट. सशाचा एक केससुद्धा हाताला लागला नाही.

"हे बघ," ती त्या भोकात तोंड घालून म्हणाली. शेजाऱ्यांनी पाहिलं असतं तर वेड लागलं म्हणाले असते, आणि म्हणोत बापडे. "मी बंद केलं होतं. तेव्हाही मीच आणि कालही मीच. आता उघडलंय. माझ्यावर काय राग असेल तो काढ, पण त्या लेकराचं काय चुकलं? ये बाई. ये."

भोक तसंच उघडं ठेवून ती घरात आली. बटनला गरम पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवलं आणि स्टुलावर बसल्या बसल्या तिला झोप लागली.

उजाडल्यावर जाग आली ती चपचप आवाजाने. घोस गवतात होता, ओला, चमकता. बटन खात होतं. नोरीन तशीच अनवाणी मागच्या पायरीवर गेली. भोक बंद होतं. आतून वर आणलेली बारीक, मऊ माती, आणि त्यावर पंजांनी हलकेच थापटल्याच्या खुणा.

ती पायरीवर बसून रडली. भीतीने की आनंदाने, ते तिलाही सांगता आलं नसतं.

त्यानंतर रोज तसंच. घोस येई, दार बंद होई. पायरीच्या कडेला मोठ्या लेंड्यांची छोटीशी रासही साचू लागली. नोरीनने फिनेलची बाटली कचऱ्यात टाकली. बटनचं पोट मऊ झालं, लेंड्या वाटाण्याएवढ्या झाल्या. ते खोक्याबाहेर उड्या मारू लागलं, खुर्चीचे पाय कुरतडू लागलं. घरात आता आवाज होता.

मग पेरणीआधीची पाहणी आली. दरवर्षी गावातले शेतकरी ओळीने एकेकाची जमीन पायाखाली घालतात आणि उघडी बिळं शोधतात. नोरीनच्या अंगणात डग आला. लेसचा जुना जोडीदार, पोट सुटलेला, तोंडाचा फाटका.

"काय गं म्हातारे, एखादं भोकबिक?"

"एकही नाही," नोरीन म्हणाली. ती पायरीखाली उभी होती, दोन्ही पाय आईच्या दारावर.

"तू बुजवल्यावर कसं राहील म्हणा! लेस म्हणायचा, माझ्या बायकोची टाच म्हणजे कुलूप..." बोलता बोलता डग थांबला. त्याची नजर पायरीच्या कडेला गेली. "हे काय?"

त्याने वाकून लेंडी उचलली. नोरीनने पाय आणखी घट्ट रोवले. सकाळीच तिने ती रास पाहिली होती. वरच्या लेंड्या ताज्या होत्या, काळ्या, दवाने चमकणाऱ्या. डगने ती बोटांत चिरडली. ताजी असेल तर आत हिरवी निघते, हे तिथल्या पोराटोरांनाही ठाऊक असतं. मग ट्रॅक्टर, मग पोलादी दात, पायरीपासून खोलीपर्यंत.

लेंडीचा भुगा झाला. पांढुरका, राखेसारखा. वाऱ्याने उडून गेला.

"हॅ! मेली तीस-चाळीस वर्षांची जुनी," डग हात झटकत म्हणाला. "घर बांधायच्या आधीची. मातीतून वर आली असेल. चहा आहे का गं?"

"दूध संपलंय," नोरीन म्हणाली.

तो फाटकाबाहेर जाईपर्यंत ती जागची हलली नाही. मग आत आली. बटन खोक्यात गाढ झोपलं होतं, कुशीवर, पोट वर-खाली होत. गवतात त्याचा छोटासा खळगा होता. त्या खळग्याला बिलगून दुसरा एक होता, मोठा, त्यात पोटावरची उपटलेली मऊ करडी लव अंथरलेली.

नोरीनने त्या मोठ्या खळग्यात हात ठेवला. तो ऊबदार होता. तिने हात तसाच राहू दिला.