मेंढरांची साक्ष

सोलापूरच्या दक्षिणेकडच्या माळावर दिवेलागणीला पुन्हा माणसांची रीघ लागली. उजेडबुवाच्या खोपटापुढं धनगर आपापली मेंढरं घेऊन बसले होते. जरा वेळानं आभाळात तांबूस उजेड उगवला आणि चांदण्यांच्या खाली एका जागी थरथरत राहिला. बायकांनी पदर पसरले. मेंढरं तर सगळीच्या सगळी उजेडाकडं तोंड करून बसली.

बुवा नेमकं तेच मिरवत होता. माणूस खोटं बोलेल, मुकं जित्राब बोलेल का? बिरोबानं दिवा लावलाय, तो मेंढरांनी ओळखला, तुम्ही कधी ओळखणार? हा त्याचा रोजचा रतीब. दिवा लागला की एक कोकरू त्याच्या खोपटात जाई. नाही लागला, तर देव रुसला म्हणून दोन जात. एरवी धनगर सहजासहजी फसत नाही, पण मेंढरांनीच साक्ष दिल्यावर त्याचं डोकं चालेना.

मायाक्काचंही चाललं नाही. पिसाळलेला कोल्हा कळपात शिरला आणि त्यानं तिच्या नवऱ्याचा, गुंडाचा, गाल फाडला, धाकट्या दिराची, सिद्धाप्पाची, पोटरी फोडली. शाळामास्तर जोतीराम धावत आला. दोघांना आजच सोलापूरच्या सरकारी दवाखान्यात न्या, तिथं पोटात सुया टोचतात, वेळेत टोचल्या तर माणूस वाचतो, असं सांगून त्यानं गाडी जुंपायला लावली. बुवा म्हणाला, देवाच्या माणसाला सुई लागली तर दिवा विझेल. मायाक्कानं स्वतःच्या हातानं बैल सोडले.

गुंडा पाण्याला भिऊन, तडफडत मेला. त्याची श्रद्धा कमी पडली, असं बुवानं खुशाल सांगितलं. सिद्धाप्पा अजून धडधाकट होता आणि रोज त्या उजेडाखाली बसत होता.

एका संध्याकाळी बुवा बाजाराला गेला होता आणि उजेडही नव्हता. वारा मात्र सुटला होता. मेंढरं नेहमीसारखी वाऱ्याला पाठ देऊन बसली होती आणि त्यांची तोंडं उजेड दिसायचा तिकडंच होती. मायाक्का मागच्या संध्याकाळी आठवू लागली. वारा पडलेला असला की उजेड कधीच दिसत नव्हता. वारा फिरला की उजेडाची जागाही फिरायची.

"वाऱ्याबरोबर जातं आन् वरच ऱ्हातं, असं काय आस्तंय, मास्तर?" तिनं जोतीरामला विचारलं.

"वावडी, मोठा पतंग," मास्तर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आभाळात उजेड उगवताच दोघं बुवाच्या खोपटामागं गेली. बाभळीच्या बुंध्याला दोरा बांधला होता. मायाक्कानं तो ओढायला घेतला, तसा सगळ्यांच्या देखत देवाचा दिवा खाली येऊ लागला. मोठी थोरली कागदी वावडी, तिच्या शेपटाला कंदील आणि आत मेणबत्ती. बुवा अंधारात पसार झाला. चार माणसं काठ्या घेऊन त्याच्यामागं धावली. म्हातारी बनाबाई मात्र त्या कंदिलालाच हात जोडत होती. मेंढरं कशी खोटं बोलतील, असं तिनं विचारलं.

"मेंढरं खोटं बोलली न्हाईत," मायाक्का म्हणाली. "ती वाऱ्याला पाट दिऊन बसत्यात, ह्ये तुला ठावं हाय, मलाबी ठावं हुतं. येकानं जरी इचार केला आस्ता, तर माजा धनी आज जित्ता आस्ता."

मग ती सिद्धाप्पाकडं वळली.

"भावजी, उटा, गाडीत बसा. सुयांनी वाचाल का, ते दागदर सांगंल. हितं बसून काय हुतंय, ते मी बघितलंय."