धुक्यातला ऑफसाइड

सासरे गोड बोलायला लागले, तेव्हाच सुनेनं ओळखलं की घरात काहीतरी भयंकर बिघडलंय.

लग्न होऊन ती आली तेव्हापासून सासऱ्यांनी तिला नावानं हाक म्हणून मारली नव्हती. 'गोदी' म्हणायचे. कारण ती गोदीवाल्यांच्या घरातली. तिचे वडील गोदीत क्रेन चालवायचे आणि रविवारी गोदी क्लबसाठी घसा फोडून घ्यायचे. सासरे काचेच्या कारखान्यात भट्टीवर होते, म्हणून त्यांचा क्लब भट्टी. एकाच गावातले दोन फुटबॉल क्लब, एक लाल आणि एक निळा. दोघांतलं वैर इतकं जुनं, की ते कशावरून सुरू झालं हे कुणालाच धड सांगता येत नाही. चूक समोरच्यांची होती, एवढ्यावर मात्र दोन्हीकडच्यांचं एकमत आहे. कट्टर भट्टीवाला मरायला टेकला तरी निळी गोळी गिळत नाही. कट्टर गोदीवाला लाल सिग्नलला थांबतो, पण मनापासून नाही.

लग्नानंतर पहिल्यांदा घरात पाऊल टाकलं तेव्हाच सासरे दारात उभे राहून म्हणाले होते, "ये गोदी. यंदा किती गोल खाणार?"

"तुम्ही वाढाल तेवढे, बाबा," नवी नवरी म्हणाली. "तुमचा गोलकीपर सढळ हाताचा आहे म्हणे."

त्या दिवसापासून दोघांचं जे जमलं ते जमलं. सकाळचा चहा भांडणाशिवाय उकळत नसे. नवरा गणिताचा मास्तर. तो दोघांच्या मधे बसून मुकाट पाव खायचा. फुटबॉलमधलं त्याला एवढंच कळायचं, की रविवारी दुपारी घर रिकामं असतं आणि पेपर तपासायला बरं पडतं.

मग सासऱ्यांचे डोळे गेले. एकदम नाही. आधी कडेकडेचं दिसेनासं झालं, मग मधलंही. "जन्मभर काच फुंकली, शेवटी काचबिंदूनं उट्टं काढलं," असं म्हणून ते हसले, आणि तेवढंच हसले. त्यानंतर खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडायला लागले. किती धीरानं घेतलं बघा म्हाताऱ्यानं, असं सगळे म्हणायचे. सुनेला तो धीरच बघवत नव्हता.

एका सकाळी त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "चहा छान झालाय हं, बाळ."

ती तशीच आत गेली आणि नवऱ्याला धरलं. "बाबा मला बाळ म्हणाले."

"मग चांगलंच आहे की!"

"तुला काडीचं कळत नाही," ती म्हणाली.

पुढच्याच आठवड्यात गोदीनं कुणाकडून तरी सडकून मार खाल्ला. तिनं मुद्दाम ती बातमी मोठ्यानं वाचली. सासरे म्हणाले, "चालायचंच, बाळ. खेळ आहे." ती स्वयंपाकघरात जाऊन कांदा न चिरताच रडली. खेळ आहे! दाताचा डॉक्टर गोदीवाला निघाला म्हणून ज्या माणसानं अर्धवट उघडलेलं तोंड मिटून घेतलं आणि सुजलेल्या गालानं आठवडा काढला, तो माणूस म्हणत होता, खेळ आहे!

आणि मग त्यांनी मुलाला बोलावून सांगितलं, "सोमवारी क्लबात जा आणि माझी खुर्ची परत करून ये. ज्याला दिसतंय त्याला बसू दे."

भट्टीच्या स्टँडमधली पहिल्या रांगेतली खुर्ची. माणूस वारल्याशिवाय सुटत नाही अशी. ती परत करायची, म्हणजे म्हातारा आता कायमचा भिंतीकडे तोंड करणार, हे सुनेला लख्ख दिसलं. सोमवारच्या आधी रविवार होता, आणि रविवारी भट्टी विरुद्ध गोदी.

"बाबा, सोडायच्या आधी एकदा बसून तर या," ती म्हणाली. "तुमच्या शेजारच्या खुर्चीवाल्यांची पाठ धरलीय, ती खुर्ची रिकामीच आहे. मी बसते आणि काय चाललंय ते सांगते."

"तू? भट्टीच्या स्टँडमध्ये?"

"निळा रुमालसुद्धा आणणार नाही."

"बरं. शेवटचं."

वडिलांना तिनं कळवलं की रविवारी ड्युटी आहे. सासऱ्यांसाठी बापाला थापा मारणारी मुलगी त्या गावात याआधी झाली नसावी.

आता ड्युटीचं म्हणाल, तर बाई बसस्टँडवर माइकवरून गाड्यांच्या वेळा पुकारायची. आवाज खणखणीत, शब्द न् शब्द सुटा, आणि प्रत्येक गोष्ट दोनदा. याच जोरावर तिनं कॉमेंट्रीचा विडा उचलला होता. पण शत्रूच्या गोटात बसून पक्षपात दिसू द्यायचा नाही, या धास्तीनं तिच्या तोंडून भलतंच निघायला लागलं.

"भट्टी संघाचा खेळाडू क्रमांक सात उजव्या बाजूने पुढे जात आहे. खेळाडू क्रमांक सात उजव्या बाजूने पुढे जात आहे."

मागच्या रांगेत एक अगडबंब पाववाला बसला होता. तो वाकून म्हणाला, "वहिनी, सात नंबर कितीला सुटते?"

रांग हसली. सासरे हसले नाहीत. गोदीचा एक फटका खांबाला लागला तेव्हा तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि मग शांतपणे जाहीर केलं, "काही कारणास्तव गोल होऊ शकला नाही."

"छान सांगतेस हं, बाळ," सासरे म्हणाले. त्यांचे हात मांडीवर धुतलेल्या हातमोज्यांसारखे पडले होते. अर्धी मॅच झाली तरी ते तसेच होते.

दुसरा हाफ सुरू झाला आणि गोदीच्या पाण्यावरून धुकं आलं. असं आलं, की आधी समोरचा स्टँड गेला, मग गोलपोस्ट, मग बावीसच्या बावीस खेळाडू. मैदानावरचा लाउडस्पीकर गेल्या हंगामापासून नुसता खोकायचा. तोही एकदा खोकला आणि गप्प झाला.

सुनेचं बोलणं थांबलं.

"काय झालं?" सासऱ्यांनी विचारलं.

"धुकं आलंय, बाबा. काहीच दिसत नाहीये."

"माझ्या समाधानासाठी खोटं बोलू नकोस."

"काका, आईशप्पथ!" पाववाला मागून ओरडला. "मला माझं पोट दिसत नाहीये!"

सासऱ्यांनी मान वर केली. "कुणालाच नाही दिसत?"

"कुणालाच नाही."

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर हळूहळू असं काही पसरलं, जे सुनेनं कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. ते उभे राहिले, लाल मफलर मागे टाकला आणि स्टँडकडे तोंड करून म्हणाले, "गप बसा सगळे. आता मी सांगतो."

अख्खा स्टँड गप्प झाला.

"थप्प! ऐकलंत? हा आपला लंबू. छातीवर घेतला. आता पळतोय..."

"काका, लंबूच हे कशावरून?"

"लंबू पळाला की जमीन हादरते. खुर्चीत कळत नाही तुला?"

पाववाल्यानं लक्ष दिलं. खरंच खुर्ची हादरत होती. त्याच्या खुर्चीला बसल्या दिवसापासून उसंत नव्हती, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

एवढ्यात मैदानातून शिट्टी झाली. मग आणखी एक. मग एक लांबलचक.

"फाउल!" सासऱ्यांनी जाहीर केलं.

"तीनदा?"

"मोठा आहे फाउल. फ्री किक आपल्याला. लंबू मारतोय... गोल!"

स्टँड असा उसळला की छपरावरची कबुतरं निघून गेली. ही गर्जना धुक्यातून पलीकडे गोदीच्या स्टँडात पोचली. तिकडेही कुणाला ढिम्म दिसत नव्हतं, पण भट्टीवाले ओरडतायत म्हणजे आपलं वाटोळं झालं एवढं त्यांना कळलं, आणि त्यांनी पंचांच्या नावानं बोंब ठोकली. ती बोंब इकडे आली. "गोदीवाले बोंबलतायत!" इकडचे म्हणाले. "म्हणजे गोल पक्का!" आणि पुन्हा गर्जना झाली. अशी ती बराच वेळ ये-जा करत राहिली.

त्या गोंधळात मैदानाचा माळी काखेत कोपऱ्यातलं निशाण घेऊन धुक्यातून निघाला आणि सुनेसमोरच्या कठड्यावर आपटला.

"ताई, फाटक कुणीकडे आहे हो?" तो हळूच म्हणाला. "माझंच मैदान, पण सापडत नाहीये."

"मॅच चालू असताना निशाण का काढलंत?"

"कसली मॅच? पंचांनी मघाच तीन शिट्ट्या मारून थांबवली की. सगळे आत चहा पितायत. शून्य-शून्य. परत खेळवणार म्हणे." आणि कठडा चाचपत तो निघून गेला.

सुनेनं सासऱ्यांकडे पाहिलं. दोन्ही हात हवेत, कपाळावर घाम, गाल पेटलेले. शेकडो डोळस माणसं त्यांच्या तोंडाकडे कान लावून बसलेली. तिनं मागे पाहिलं. पाववाल्यानं माळ्याचं बोलणं ऐकलं होतं, हे त्याच्या उघड्या तोंडावरून कळत होतं.

"वहिनी," तो कळवळून कुजबुजला, "नका हो सांगू. आपण जिंकतोय!"

ती गप्प बसली. बातमी काय, तशीही खुर्च्याखुर्च्यांतून मागे सरकत होतीच. पण एक माणूस उठला नाही. मॅच हरत असताना रद्द झाली तर गोष्ट वेगळी. एका गोलनं पुढे असताना रद्द झाली, हे मान्य करायला भट्टीवाला काय वेडा आहे?

"आणि पुन्हा लंबू!" सासरे गरजले. "दोन-शून्य!"

इथे मात्र सुनेचं डोकं फिरलं. गोदीनं आजवर चिखलात हार खाल्ली होती, उन्हात खाल्ली होती. पण न झालेल्या मॅचमध्ये दोन गोल? तिच्या अंगातलं क्रेनवाल्याचं रक्त ताडकन उभं राहिलं.

"थांबा!" बसस्टँडवरच्या प्रवाशांनी सामान सोडून पळावं अशा आवाजात ती ओरडली. "गोदीचा अकरा नंबर सुटलाय!"

सासरे दचकले. "कुठे?"

"डावीकडून! तुमचा बॅक आडवा! गोलकीपर आडवा! गोल! गोल! गोल!" एरवी सगळं दोनदा सांगायची, गोल तीनदा सांगितला.

भट्टीच्या स्टँडात, भर रविवारी, गोदीचा गोल!

"ऑफसाइड!" सासरे किंचाळले.

"कसला ऑफसाइड? तुमचा बॅक तिथेच उताणा पडला होता!"

"तुला धुक्यात काय दिसतंय गं?"

"आणि तुम्हाला उन्हात काय दिसतंय?"

बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. कुणाला कुठे बघावं कळेना.

सासऱ्यांच्या गळ्यातून एक घरघर आली. मग खांदे हलले. म्हातारा हसत होता. खुर्चीवर बसला, मांडी बडवायला लागला, न दिसणाऱ्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं.

"गोदे!" ते म्हणाले. "अगं गोदे! कुठे होतीस गं इतके दिवस?"

"इथेच होते की," ती म्हणाली. तिचाही आवाज आता माइकवर चालण्यासारखा राहिला नव्हता. "तुम्हीच सोडून गेला होतात."

"अगं, सगळे कसे हलक्या पावलानं चालायला लागलात माझ्याभोवती. मला वाटलं, आपण गेलोच बहुतेक." त्यांनी मफलरनं नाक पुसलं. "पण ऑफसाइड होता."

"नव्हता."

स्टँडात मत घेतलं गेलं. झाडून सगळे 'होता' म्हणाले. मागच्या रांगेतला एक प्रामाणिक गृहस्थ 'नव्हता वाटतं' म्हणाला, त्याला जवळजवळ धक्के मारून बाहेर काढलं.

धुक्यामुळे बस बंद होत्या. दोघं चालत निघाली. तिनं त्यांचा कोपर धरला होता, आणि कोण कुणाला नेतंय हे त्या धुक्यात सांगणं कठीण होतं. पुलावर आल्यावर सासरे म्हणाले, "तीन शिट्ट्या म्हणजे मॅच बंद, हे मला ठाऊक नसेल होय?"

ती थबकली. "म्हणजे? माहीत होतं तुम्हाला?"

"डोळे गेलेत, कान नाही. तू आपली केविलवाणी होऊन बसगाड्या सोडत होतीस. म्हटलं, पोरीला जरा गंमत दाखवू."

"मलाही माहीत होतं. माळ्यानं सांगितलं."

आता सासरे थबकले. "मॅच बंद आहे हे माहीत असून तू गोल केलास?"

"तुम्ही दोन केलेत!"

"माझे ऑनसाइड होते," सासरे म्हणाले आणि काठी आपटत चालायला लागले.

सोमवारी सकाळी मास्तर बूट घालून तयार झाले. "बाबा, क्लबात जाऊन येतो. खुर्चीचं सांगायचंय ना?"

"सांग," सासरे चहा फुंकत म्हणाले. "माझ्या जागेवर कुणी डोळा ठेवला तर काठीनं काढीन म्हणावं. आणि शेजारच्याला विचार, पाठ दुखते का अजून. दुखत नसेल तर गोडीनं सांग, की एक हंगाम दुखू दे."

"मी नाही बसणार कायमची त्या लालबुंद गर्दीत," सून म्हणाली. "माझ्या बाबांना कळलं तर मला क्रेननं उचलून नेतील."

"बसायचं. आणि गोदीचा गोल झाला की बोंबलायचं, पदर कोंबायचा नाही तोंडात. मला कळतं. पुन्हा त्या बसच्या आवाजात बोललीस तर पुढच्या थांब्यावर उतरवीन."

"बोंबलेन. रविवारीच दाखवलं की बोंबलून."

"तो ऑफसाइड होता."

"नव्हता!"

"पण," मास्तर बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाले, "रेडिओवर तर सांगितलं, मॅच रद्द झाली. शून्य-शून्य. म्हणजे गोल झालाच नाही, तर ऑफसाइड कसा..."

दोघंही एकदम त्यांच्याकडे वळली.

"तू गप रे!" सासरे म्हणाले.

"पाव खा तू," सून म्हणाली, आणि सासऱ्यांच्या कपात आणखी चहा ओतला, कारण भांडण अजून बरंच बाकी होतं.