सात थरांचं कवच

सकाळची पाळी सुरू व्हायला अजून दहा मिनिटं होती, तरी मिक्सर विभागात पाय ठेवायला जागा नव्हती. पॅकिंगमधल्या बायका, गोदामातले हमाल, ऑफिसातले कारकून, सगळे माना उंचावून भिंतीवरच्या भल्यामोठ्या स्क्रीनकडे बघत होते. स्क्रीनवर जगाचा काळा नकाशा होता. कुठून कुठून लाल बाण सुटायचे, आमच्या साबणाच्या कारखान्याच्या ठिपक्याजवळ यायचे आणि फुस्स होऊन विझायचे. खाली आकडा पळत होता. चार हजार एकशे बारा... चार हजार एकशे तेरा...

"बघा, बघा! हॅकर नावाची जमात डोळ्यात तेल घालून तुमच्या मिक्सरकडे बघत बसलेली आहे," स्क्रीनखाली उभे असलेले सुटातले गृहस्थ म्हणाले. "पण आत शिरू शकतेय का? नाही! कारण मध्ये कवच आहे. सात थरांचं!"

त्यांनी हात केला त्या फळीवर काळा डबा होता आणि त्यात निळा दिवा लुकलुकत होता. टाळ्या पडल्या.

"सातवा थर काय करतो?" मी विचारलं. या कारखान्याचा मेंटेनन्स फोरमन असल्यामुळे मला असले प्रश्न पडतात.

"सातवा थर मलाही दिसत नाही," ते गंभीरपणे म्हणाले. "तेच त्याचं सामर्थ्य."

परत टाळ्या. मी गप्प बसलो.

या गृहस्थांना सगळे कवचवाले म्हणत. ते आमच्याकडे आले त्याची हकिगत अशी. सहा महिन्यांपूर्वी मालकांनी सगळा कारखाना संगणकावर आणला. तापमान, पंप, मिक्सर, सगळं स्क्रीनवरून चालायला लागलं. पूर्वी मिक्सर थांबला की मी धावत जाऊन कॉस्टिकचा, म्हणजे साबणात पडणाऱ्या जळजळीत सोड्याचा, व्हॉल्व्ह हाताने बंद करायचो. आता स्क्रीन आहे, मग हात कशाला, म्हणून त्या व्हॉल्व्हचं चाकसुद्धा काढून टाकलं. छान चाललं होतं. आणि एका आठवड्यात मिक्सर तीनदा आपोआप बंद पडला. पहिल्या दोन वेळा थोड्या वेळाने आपोआप सुरूही झाला. मी वायरी तपासल्या, मोटर उघडली, सगळं ठणठणीत. तिसऱ्या वेळी मालक डोक्याला हात लावून बसले असताना हे गृहस्थ, बोलावल्यासारखे, दारात हजर.

"तुमच्या यंत्रात परकी शक्ती शिरली आहे," ते म्हणाले. त्यांनी उजवा तळहात पॅनेलवर टेकवला, डावा खिशात घातला, डोळे मिटले आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटले. घर्रर्र करून मिक्सर सुरू झाला! पॅकिंगमधल्या दोघी तर रडल्या. त्याच दिवशी डबा फळीवर चढला. मालक म्हणाले, "आता कुणी घाबरायचं नाही." आणि कवचवाल्यांच्याच सल्ल्याने त्यांनी प्रयोगशाळेतली दर घाणीची, म्हणजे एका वेळी शिजवलेल्या मालाची, तपासणीही बंद केली. "यंत्र सुरक्षित म्हणजे माल सुरक्षित," असं त्यांचं वाक्य होतं.

आमच्या केमिस्ट बाई तेवढ्या मालकांकडे जाऊन भांडल्या. "साहेब, डबा साबण चाखून बघतो का?"

"बाई, तुम्ही जुन्या विचारांच्या," मालक म्हणाले.

दोन महिने बाण विझत राहिले. मग कवचवाले याहून महागडं 'महाकवच' घ्या म्हणून मालकांच्या मागे लागले. मालक चालढकल करत होते. आणि एका मंगळवारी, ऐन दुपारी, मिक्सर पुन्हा थांबला. कवचवाले पाच मिनिटांत आले, तळहात टेकवला, मिक्सर फिरला. संध्याकाळपर्यंत त्या घाणीच्या वड्या पॅकिंगला गेल्या.

पॅकिंगमध्ये माझी वहिनी आहे. थोरल्या भावाची बायको. माझं लग्न होईपर्यंत तिच्याच हातचं जेवलोय मी. दुसऱ्या दिवशी सकाळी ती काम सोडून माझ्याकडे आली आणि नुसते हात पुढे केले. तळवे लालभडक, बोटांच्या बेचक्यांत फोड.

"भाऊजी, साबण चावतोय," ती म्हणाली. "आम्हा पाचजणींना."

मी तिला नळाखाली उभं केलं आणि केमिस्ट बाईंना हाक मारली. बाईंनी एक वडी मोडली. आत पांढरे खडे होते. मिक्सर थांबला होता, पण कॉस्टिकचा पंप आपला ओततच राहिला होता. सगळं कॉस्टिक एका जागी साचलं आणि ढवळलं न जाता गोठलं. तपासणी चालू असती तर घाणी तिथंच अडली असती. हा माल बाजारात गेला असता तर? कुणीतरी त्याने लेकराला आंघोळ घातली असती.

पाचही जणींना दवाखान्यात पाठवून मालकांनी कवचवाल्यांना बोलावलं. त्यांचं उत्तर तयार होतं. "कवच दुबळं झालंय. इथे कुणाच्या तरी मनात शंका आहे. शंकेच्या लहरींनी पहिला थर विरघळतो." आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं.

"शंका माझी आहे," केमिस्ट बाई पुढे आल्या. "साहेब, आमच्या कामात एक साधी पद्धत असते. औषध घालून काय होतं ते बघायचं, आणि न घालता काय होतं तेही बघायचं. फोरमन, कारखान्याची इंटरनेटची तार कुठली?"

मी दाखवली. बाईंनी ती खटकन उपटली.

स्क्रीनवर लाल बाण उडाले. ठिपक्याजवळ आले. विझले. नऊ हजार दोनशे सहा... नऊ हजार दोनशे सात...

"तार माझ्या हातात आहे," बाई म्हणाल्या. "मग हे हल्लेखोर आले कुठून? पायी?"

मागून एक हमाल फिस्सकन हसला.

"सातवा थर बिनतारी आहे," कवचवाले म्हणाले आणि दाराकडे सरकले.

"उघडा हो डबा," मालक मला म्हणाले. मी चार स्क्रू काढले. आत दिव्याला जोडलेली बॅटरी आणि एक तळहाताएवढं यंत्र, जे आपलं आपण खोटे बाण सोडून आकडा वाढवत होतं. बाकी डब्यात वजनासाठी लोखंडाचा तुकडा.

"पण मिक्सर सुरू व्हायचा तो?" पॅकिंगच्या मुकादम बाईंनी विचारलं. "ते तर डोळ्यांनी पाहिलंय आम्ही!"

केमिस्ट बाईंनी एक कागद उलगडला. कंट्रोल संगणकात कोण कधी शिरलं त्याची नोंद आपोआप होते. चारही वेळा मिक्सर बंद पडायच्या आधी मिनिटभर बाहेरून कुणीतरी शिरलं होतं. खात्याचं नाव होतं 'मेंटेनन्स'.

मेंटेनन्स म्हणजे मी.

"मंगळवारी त्या वेळेला फोरमन पॅकिंगमध्ये पट्टा बदलत होते, मी समोर होते," मुकादम बाई म्हणाल्या.

"पासवर्ड कुणाकुणाला माहीत होता?" मालकांनी विचारलं.

मला पॅनेलकडे बोट दाखवावं लागलं. तिथे माझ्याच अक्षरात चिकटवलेली पट्टी होती: कारखान्याचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. मिक्सर पहिल्यांदा बंद पडायच्या आठवडाभर आधी 'फुकट पाहणी' करायला कवचवाल्यांचा माणूस आला होता तेव्हा तो याच पॅनेलसमोर अर्धा तास उभा होता. चोराच्या हाती किल्ल्या म्हणतात त्या मीच दिल्या होत्या.

मग वॉचमन बोलला. "साहेब, हे दोन्ही वेळा आले तेव्हा यांची गाडी आधीपासूनच भिंतीपलीकडे उभी होती. हे आत, यांचा माणूस मांडीवर लॅपटॉप घेऊन गाडीत. त्याचा फोन एकदाच वाजायचा, तो उचलायचा नाही, नुसता लॅपटॉपवर बोट दाबायचा."

म्हणजे परकी शक्ती गाडीत बसली होती, आणि तो अगाध मंत्र म्हणजे डाव्या खिशातून दिलेला मिस्ड कॉल!

पोलीस आले तेव्हा कवचवाले सांगत होते की कुणाला इजा करायचा त्यांचा हेतू नव्हता. खरंही असेल. पंपाचं त्यांना ठाऊकच नव्हतं. ज्या यंत्राचं रक्षण करायला ते आले होते, ते कसं चालतं हेच त्यांना माहीत नव्हतं.

मालकांनी सगळ्यांसमोर माफी मागितली आणि विचारलं, "बाई, मग आता खरं कवच कुठलं घ्यायचं?"

"एकच विकत घेऊन सुटका नाही, साहेब. जाणकार माणूस आणा आणि त्यालाही प्रश्न विचारा. प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा. बाहेरून यायची वाट बंद, लागली तरच उघडायची. यंत्रांचं जाळं ऑफिसच्या जाळ्यापासून तोडा. मिक्सर थांबला की पंप थांबलाच पाहिजे. आणि माझी तपासणी."

हे सगळं झालं. वहिनीचे हात बरे व्हायला तीन आठवडे लागले. ती मला काही बोलली नाही, पण मी स्वतःला बोलतो. डब्याबद्दल मला पहिल्या दिवसापासून शंका होती. एक प्रश्न विचारला, टाळ्या ऐकल्या आणि गप्प बसलो. गप्प बसलेला शहाणा आणि टाळ्या वाजवणारा खुळा, ठगाच्या दृष्टीने दोघे सारखेच. हॅकर खरे असतात, हल्लेही खरे असतात. म्हणूनच त्यांची भीती विकणाऱ्याला आधी तपासा. समजलं नाही तर पुन्हा विचारा, लोक हसले तरी विचारा. कारण उत्तर चुकलं की आधी भाजतात ते पॅकिंगमधल्या बायकांचे हात.